गड्ड्याच्या दिवसांतली सावली

सोलापुरातल्या शिक्षकांसमोर वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विषय काढला, की पहिली शंका विज्ञानाची नसते. ‘उद्या पालक शाळेत भांडायला आले तर?’ ही असते. आणि ती रास्त आहे. इथल्या एकाच वर्गात तेलुगू बोलणाऱ्या विणकराचा मुलगा असतो, त्याच्या शेजारी कानडी घरातला लिंगायत, मागच्या बाकावर घरी उर्दू बोलणारी मुलगी. १९७६ साली घटनेत आलेलं कलम ५१क वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवतं; कलम २८ पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला मनाई करतं. बाईंना दोन्ही कलमं माहीत असतात. पण ‘बाई, ग्रहणात जेवलं तर काय होतं?’ असं एखादीनं विचारलं, की कलमं कपाटातच राहतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि पुढे खास शिक्षकांसाठी वैज्ञानिक जाणिवांचा प्रकल्प चालवला. आपला विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, असं ते सतत सांगत. सभेत हे वाक्य पुरतं. वर्गात त्याचं कसब व्हावं लागतं, आणि ते कसब म्हणजे प्रश्न निवडणं. देव आहे का, हा प्रश्न तासाला घेऊन मास्तर फक्त मुलाला घर आणि शाळा यांच्या मध्ये उभं करतो. मोजता येईल असा प्रश्न घेतला, तर मूल मोजायला धावतं.

सोलापूरला असा प्रश्न दर जानेवारीत आयता मिळतो. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, संक्रांतीला होम होतो, बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज पेलत निघतात. मुलांना एवढंच विचारायचं: बाकीचे सण मागेपुढे होतात, संक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीलाच का येते? कारण ती सूर्यावर ठरते, चंद्रावर नाही. मग उत्तरायण त्याच दिवशी सुरू होतं का? इथे व्याख्यान थांबवावं आणि एक मीटरची काठी मैदानात उभी करावी. २१ डिसेंबरला साडेबाराच्या सुमारास तिची सर्वांत आखूड सावली साधारण ८७ सेंटिमीटर भरते. संक्रांतीच्या दिवशी तीच ८१ वर आलेली असते. म्हणजे सूर्य तीन आठवडे आधीच उत्तरेकडे वळला.

मग पंचांग खोटं? हीच जागा नाजूक. ‘हो’ म्हणणारा शिक्षक वर्ग गमावतो, शिवाय चुकीचंही सांगतो. पंचांगातली मकर रास ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेली आहे. पृथ्वीचा अक्ष संथपणे डुलत सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो, म्हणून ती गणना ऋतूंपासून दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस सरकते. सिद्धेश्वरांच्या काळी, बाराव्या शतकात, उत्तरायणाची सुरुवात आणि संक्रांत यांतलं अंतर आजच्या निम्मंच होतं. कुणाच्या आजोबांचा अपमान न होता मुलं खगोलशास्त्रात शिरतात. अक्षतांमागची कुंभारकन्येची आणि सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी झालेल्या तिच्या लग्नाची कथा तशीच राहते. तिला सावलीच्या काठीनं मोजायचं कारण नाही.

बाबांचे चमत्कार उघडे पाडणाऱ्या प्रयोगांबद्दल मात्र माझं मत जरा कडू आहे. सुरीला मिथिल ऑरेंज लावून लिंबू कापलं की लाल रस निघतो, टाळ्या पडतात. पण रंग का बदलला हे मुलांकडून काढून घेतलं नाही, तर वर्गाला एक नवा बाबा मिळतो, एवढाच फरक.

आणि हे सगळं सांभाळून बोलणं जिथे संपायला हवं, तीही जागा जवळच आहे. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपूरमध्ये अपंग मुलांना, अपंगत्व जाईल या आशेनं, गळ्यापर्यंत मातीत पुरलं होतं. सोलापूरहून रेल्वेनं दोनेक तासांवर. इथे ‘प्रत्येकाची श्रद्धा’ म्हणून गप्प बसणारा शिक्षक सभ्य नसतो, भित्रा असतो. आईवडिलांची हतबलता समजून घ्यावी. मुलाच्या जिवाला धोका आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावंच.

पुढची परीक्षा २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाला आहे. सोमवार, शाळेचा दिवस, घरोघरी दिव्यांची अमावस्या. सोलापुरात सूर्य भरमाध्यान्ही थेट डोक्यावर येण्याचे दिवसही तेच, त्यामुळे ढग नसले तर साडेबाराला काठीची सावली बुंध्याशीच जिरेल आणि दुपारनंतर खंडग्रास ग्रहण दिसेल. ग्रहणाचे चष्मे वेळेवर मागवता येतील. खरी अडचण शालेय पोषण आहाराची: सकाळपासून वेध, आणि मधल्या सुट्टीत समोर खिचडी. खिचडी रोजच्या वेळेला शिजावी, शिक्षकांनी मुलांच्या पंगतीत बसून खावी, आणि ज्याला घरून मनाई आहे त्याच्यावर सक्ती करू नये. त्याचा डबा झाकून ठेवावा आणि चष्मा मात्र त्याच्याही हातात द्यावा.