कुरकुरणारं पिस्तूल

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूच्या एका इमारतीत राहणाऱ्या पिस्तुलाशी तुमची ओळख करून द्यायची आहे. दचकू नका. ते दहा मीटर एअर पिस्तुलांच्या कुळातलं आहे. जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा हवेच्या दाबानं सोडायचा आणि समोरच्या ११.५ मिलिमीटरच्या वर्तुळात नेऊन बसवायचा, एवढंच त्याचं काम. मान मात्र त्याला पूर्ण बंदुकीचा लागतो. नळी कायम लक्ष्याकडे, नळीत सेफ्टी फ्लॅग, आणि आत छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हा मान त्याला द्यायलाच हवा, त्यात सवलत नाही.

वयाच्या बाबतीत ते पक्कं लबाड आहे. जन्म युरोपातला, दोन घरं फिरून मुलुंडात आलेलं. पण पेटी उघडली की नळी अशी चकचकीत, जणू कालच कारखान्यातून निघालंय. त्याचं बिंग फोडतो तो खालचा हवेचा सिलिंडर. त्याच्या अंगावर तारीख कोरलेली असते, आणि दहा वर्षं झाली की तो बदलावा लागतो. वापरलेलं पिस्तूल घेणाऱ्यानं आधी ही तारीख वाचावी, मग नळीच्या चकाकीकडे बघावं.

त्याला पूर्वीच्या मालकाचा विसर पडत नाही. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, आधीच्या तळहाताप्रमाणे तासून आणि लांबी भरून घडवलेली. नवी मालकीण शाळकरी, हात लहान. पहिल्या दिवसांत पिस्तूल तिच्या हातात सारखं डावीकडे मान वळवायचं. मूठ घासून घासून जुळवली, तर जुलैच्या दमट हवेत लाकूड फुगलं आणि स्वारी पुन्हा रुसली.

वापरलेल्या पिस्तुलांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. राही सरनोबतनं २०१८ साली जकार्ता-पालेमबांग एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. एशियाडचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तिच्याकडे पाहून आपल्या मुलीला रेंजवर नेणाऱ्या साध्या नोकरदार घरांना हा खेळ परवडतो, तो अशा हात बदललेल्या पिस्तुलांमुळेच.

तर या पिस्तुलाला कुरकुरायची सवय होती. बोट ट्रिगरवर टेकून मागे आणायला लागलं की आतून बारीक ‘किर्रर्र’ यायचं, मग एक हलकी ‘टिक’, आणि त्यानंतर शॉट. रेंजवर सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणे तेल सोडा, कुणी म्हणे हा स्क्रू अर्धा फिरवा. मुलीच्या वडिलांनी शहाणपणानं यातलं काहीच केलं नाही. ते पिस्तूल घेऊन एका निवृत्त फिटरकाकांकडे गेले. एलबीएस मार्गावर आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे कारखान्यांचे भोंगे वाजायचे, त्या काळात काकांची उमेदीची वर्षं टूलरूममध्ये गेली.

“आधी त्याला बोलू दे,” काका म्हणाले. सिलिंडर काढला, नळी तपासली, पिस्तूल ड्राय फायरवर ठेवलं. ड्राय फायरमध्ये हवा सुटत नाही, फक्त ट्रिगरची यंत्रणा चालते. कुरकुर तशीच आली. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. मग त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रिगरच्या वरच्या सांगाड्याला टेकवलं, ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि मुलीला म्हणाले, “सावकाश ओढ गं बाळा. थांब म्हटलं की थांब.” बेअरिंगचा आवाज ऐकायची फिटर लोकांची ही जुनी पद्धत. ट्रिगरला दोन टप्पे असतात: पहिल्यात बोट हलकं मागे येतं आणि एका भिंतीशी अडतं, दुसऱ्यात ती भिंत तुटते आणि शॉट सुटतो. किर्रर्र पहिल्या टप्प्यातच संपत होतं. टिक भिंतीच्या अलीकडे.

“काका, मग हातोडी अडवून धरणारा सिअर झिजलेला नाही?” मुलीनं विचारलं.

“सिअर झिजला असता तर भिंतच डगमगली असती. ती ठणठणीत आहे.”

उघडल्यावर कळलं. आधीच्या कुणीतरी पहिल्या टप्प्याचा स्क्रू इतका आवळला होता की स्प्रिंग दबून बाजूला वाकत होती आणि खाचेच्या भिंतीला घासत होती. त्यात जुनं ग्रीस वाळून खरखरीत झालेलं. आणि टिक? बोट जिथे टेकतं ती पट्टीच तिच्या रुळावर सैल होती. काकांनी खाच पुसली, टाचणीच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस लावलं, स्क्रू सैल केला, पट्टी ॲलन कीनं आवळली. कुरकुर गेली.

पण पिस्तूल इतक्यात हार मानणारं नव्हतं. स्पर्धेत ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवून उचलतात, आणि ते न उचलता ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद. पहिला टप्पा हलका झाल्यानं एकूण भार घटला होता, वजन लावताच ट्रिगर सुटला. काकांनी दुसऱ्या टप्प्याचा भार थोडा थोडा वाढवत नेला, तेव्हा कुठे वजन उचललं गेलं.

पिस्तूल किती घात करू शकतं हे नेमबाज मनू भाकरला विचारावं. २५ जुलै २०२१ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीच्या मध्येच तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती बारावी आली. त्याच प्रकारात २०२४मध्ये पॅरिसला तिनं कांस्य मिळवलं.

मुलुंडच्या पिस्तुलानं वेगळीच खोडी काढली. ते गप्प झाल्यावर मुलीच्या पहिल्याच मालिकेचे गुण घसरले. इतके दिवस तिचं बोट भिंत ओळखतच नव्हतं. ‘टिक’ ऐकली की दाबायचं, असं ते शिकून बसलं होतं. आवाज गेला आणि बोट गोंधळलं. आता ती रोज संध्याकाळी कोऱ्या भिंतीसमोर, छर्ऱ्याशिवाय ट्रिगर ओढत उभी राहते. कोणता स्क्रू किती फिरवला याची काकांनी लिहिलेली चिठ्ठी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. पिस्तूल उद्या चौथ्या घरी गेलं, तर चिठ्ठीही त्याच्याबरोबर जाईल.