शेवटचं कडवं कुठं गेलं?

१४ एप्रिलच्या रात्री शालिमारला मिरवणूक बघत उभा होतो. सोबत नववीतला भाचा. डीजेवर वामनदादा कर्डकांचं गाणं लागलं आणि मी आपसूक गुणगुणायला लागलो. भाचा चकित. "मामा, तुम्हाला पण हे गाणं माहितीय? हे तर नवीन आहे!"

त्याने लगेच मोबाइल काढून दाखवलं. खाली डीजेचं नाव, मिक्स करणाऱ्याचं नाव, साउंडवाल्याचं नाव. कवीचं नाव कुठंच नाही. मी विचारलं, "हे लिहिलंय कुणी?" तो म्हणाला, "लिहिलंय म्हणजे? डीजेचंच आहे ना."

पोराची चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

आमच्या नाशिकरोडच्या घरी अण्णांनी एका कार्यक्रमात टेप करून आणलेली कॅसेट होती. पेटी, ढोलकी, मागे कोरस, मधेच कुणाचा तरी खोकला. त्यात हेच गाणं आहे, पण पूर्ण. घरी येऊन दोन्ही लागोपाठ ऐकली. डीजेच्या गाण्यात मुखडा चार वेळा, पहिलं कडवं दोनदा, मग नुसता दणका. बाकीची कडवी गायब. शेवटचं तर नाहीच.

आणि खरी मेख तिथंच आहे. वामनदादा बऱ्याच गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफायचे. तीच त्यांची सही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, मोठेपणी अक्षरओळख झालेला हा माणूस. आयुष्यभर गावोगाव गात फिरला आणि २००४ मध्ये गेला. मागे काय ठेवलं? गाणी, आणि त्यातली ही सही. आपण ती सहीच कापून टाकली.

आता कुणी म्हणेल, तुम्ही रिमिक्सच्या विरोधात आहात. अजिबात नाही. भीमगीतांची परंपराच मुळात चाली उचलण्याची आहे. सिनेमाच्या गाजलेल्या चालीवर आपले शब्द बसवायचे, म्हणजे वस्तीतल्या माणसाला गाणं लगेच पाठ होतं. पण तिथं चाल उसनी होती आणि शब्द आपले होते. आता शब्दच गळतात.

'झिंगाट'चं बघा ना. 'सैराट' २०१६ चा, 'धडक' २०१८ चा. संगीत दोन्हीकडे अजय-अतुलचंच, चाल तीच. मराठी शब्द त्यांचे स्वतःचे, हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्यांचे. हिंदी वाईट आहे असं नाही, पण गावातल्या पोराचं ते येडपट, खरं वेड त्यात उतरलं नाही. आमच्याकडच्या लग्नांत हिंदीभाषक पाहुणेसुद्धा मराठीच लावा म्हणतात. तरी तिथं निदान कुणी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

अमेरिकेत डॉली पार्टन नावाच्या गायिकेने १९७४ मध्ये 'आय विल ऑलवेज लव्ह यू' आणलं. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने गाण्याचे निम्मे हक्क मागितले. बाईंनी नाही म्हटलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं जगभर गाजवलं. गाजलं व्हिटनीचं, पण लिहिणारीला तिचे पैसे मिळाले. कव्हर असं असावं.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३१सी आलं. पहिल्या रेकॉर्डिंगला पाच वर्षं होऊन गेल्याशिवाय कव्हर करता येत नाही, हक्कदाराला आधी कळवावं लागतं, रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, हे कव्हर आहे असं वेष्टनावर छापावं लागतं. शब्दांत मनमानी बदल चालत नाही. कलम ५७ नुसार तर हक्क विकले तरी रचनाकाराचा नावाचा अधिकार जात नाही. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवर २०६४ अखेरपर्यंत.

पण कायद्याचं राहू द्या. कोर्टात कोण जाणार? माझं मंडळांच्या पोरांना साधं सांगणं आहे. वर्गणी तुम्ही काढता, डीजेची सुपारी तुम्ही देता. मग सुपारी देतानाच सांगा, गाणं लावायच्या आधी माइकवर कवीचं नाव घ्यायचं आणि रात्रीत निदान एक गाणं शेवटच्या कडव्यासकट वाजवायचं. याला एक रुपया जादा लागत नाही.

भाच्याला कॅसेट ऐकवली. सुरुवातीला कंटाळला, बेस नाही म्हणाला. शेवटचं कडवं आलं तसा थांबला. "मामा, हा वामन कोण?"

हाच प्रश्न त्याला शालिमारला पडायला हवा होता.

तुमच्या घरी माळ्यावर अशा जुन्या कॅसेट असतील तर टाकू नका. आणि तुम्हाला पूर्ण पाठ असलेलं भीमगीत कुठलं, कवीच्या नावासकट खाली लिहा. जय भीम.