शीड उतरविण्याचें धैर्य

गेल्या नाताळच्या सुटींत मासेमारी पाहून एके रात्रीं आम्ही शिडाच्या होडींतून मालवणास परतत होतों. उत्तरेस ध्रुव नागपुरास दिसतो त्याहून सुमारें ५ अंश खालीं होता. तारा दिशा सांगतो. पाण्याखालचे खडक सांगत नाहीं. याच खडकांच्या भरंवशावर शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. वृद्ध तांडेल शिसें बांधलेली दोरी सोडून खोली मोजीत होते. पाणी दोन वावांवर येतांच त्यांनीं शीड उतरवून नांगर टाकला. किनाऱ्यावरचे दिवे समोर दिसत असतां थांबणें आम्हांस भ्याडपणाचें वाटलें. आम्ही तसें बोललोंहि. ते नुसते हसले. पहांटे ओहोटी लागली, तेव्हां आमच्या वाटेवरच काळा खडक वर आलेला दिसला. आम्ही माना खालीं घातल्या. आपणांस काय दिसत नाहीं हें ओळखून थांबणें, हेंहि ज्ञानच होय.