नळी बदलली, नेम तोच!

काल दुपारपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. दक्षिण जर्मनीत आल्गॉय नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या एका शूटिंग रेंजवर माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाने रायफलची नळी काढून पेटीत ठेवली, दुसरी बसवली आणि तीन गोळ्या झाडल्या. मग ती उतरवून पहिली परत चढवली, आणि शंभर मीटरवरच्या जुन्याच कागदावर, आधीच्या भोकांना खेटून पुन्हा भोकं पाडली! दुर्बिणीच्या एकाही गुंडीला हात लावला नव्हता. लावू दिलाही नाही. मीच दोनदा विचारलं होतं.

हे ऐकून कुणाला वाटेल, त्यात काय एवढं? मला मात्र नवल वाटलं, कारण मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर वाढलेला मुलगा आहे. आमच्या शॉपमध्ये चार जबड्यांचा चक उतरवून परत चढवला, की जॉब सेंटरला आणण्यासाठी डायल लावून बसावं लागे. जबडा जरा ढिला, समोरचा जरा घट्ट, पुन्हा डायल. वडील म्हणायचे, "काढलेली वस्तू परत तिथंच बसली असं कधी धरून चालू नकोस, बघून घे." इथे तर साठेक सेंटिमीटर लांबीची, मागून स्फोटाचा दाब सोसणारी पोलादी नळी दोन नट सैल करून बाजूला काढली होती. ती पुन्हा जिथल्या तिथे बसेल यावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं.

रायफल आमच्या म्युनिकच्या शेजाऱ्यांची. सत्तरीचे गृहस्थ, चाळीस वर्षांचा शिकारीचा परवाना, बोलणं मोजकं. एका रायफलला दोन नळ्या कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर कायद्यात निघालं. जर्मनीत रो जातीच्या छोट्या हरणासाठी गोळीत शंभर मीटरवर किमान १००० ज्यूल ऊर्जा उरलेली असावी लागते. रानडुकरासारख्या मोठ्या जनावराला किमान ६.५ मिलिमीटर व्यासाची गोळी आणि २००० ज्यूल. म्हणून त्यांची एक नळी टू-ट्वेंटी-थ्री काडतुसाची, हरणासाठी आणि कोल्ह्यासाठी. दुसरी थर्टी-ऑट-सिक्सची, डुकरासाठी. दोन वेगळ्या रायफली घेतल्या असत्या तर दोन दस्ते, दोन ट्रिगर, हाताला दोन सवयी. इथे गाल टेकतो तो दस्ता तोच आणि बोटाला कळणारा चापही तोच. नळी तेवढी बदलते.

ही रायफल म्हणजे ब्लाझर आर-८. होर्स्ट ब्लाझर यांनी १९५७ साली सुरू केलेली ही कंपनी आल्गॉयमधल्याच इझ्नी गावची. १९९३ साली त्यांची आर-९३ आली, २००८ मध्ये आर-८. आदल्या रात्री मी एवढं वाचून गेलो होतो. पण टेबलावर ती उघडली गेली तेव्हा जे दिसलं, ते वाचून कळण्यासारखं नव्हतंच.

आधी त्यांनी मॅगझिन काढलं. या रायफलीत ट्रिगर आणि मॅगझिनचा एकच तुकडा आहे, तो हातात आला. मग बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग, मागे ओढून बाहेर. दस्त्याच्या पोटाला दोन भोकं होती. त्यात टी-आकाराचा पाना घालून त्यांनी दोन नट सैल केले. हे नट खाली पडत नाहीत, दस्त्यातच अडकून राहतात. अंधारात, गवतात, थंडीने बोटं गारठलेली असताना नट हरवू नये म्हणून केलेली ही सोय बघूनच मी खूश झालो. आणि मग नळी वर उचलली गेली. नळी एकटी नाही, वर दुर्बीण तशीच!

त्या क्षणी मला सगळं कळलं. अक्षरशः टाळी वाजवली मी.

नेहमीच्या रायफलीत काय असतं? मधे एक पोलादी सांगाडा, त्याला रिसीव्हर म्हणतात. नळी त्यात आट्यांनी कसलेली, बोल्ट त्यातच अडकतो, आणि दुर्बीणही त्याच्याच डोक्यावर. म्हणजे डोळा एका वस्तूवर बसलेला आणि गोळी दुसऱ्या वस्तूतून सुटणारी. दोघांमधला जोड केसभर हलला की नेम गेला. इथे दुर्बिणीचं माऊंट थेट नळीवर बसतं, नळीवरच मशीनने कापलेल्या खाचांमध्ये. बघणारा डोळा आणि गोळीची वाट एकाच पोलादावर! आता नळी दस्त्यात जराशी तिरकी बसली तरी दुर्बीण तिच्याबरोबर तेवढीच तिरकी होणार, आणि दोघी मिळून त्याच ठिपक्याकडे बघणार.

मी रेंजवरच्या पेन्सिलीने हिशोब मांडला. नळीच्या बैठकीवर दोन टेकू आहेत आणि त्यांच्यात दहा सेंटिमीटर अंतर आहे असं समजू. एका टेकूखाली अर्ध्या दशांश मिलिमीटरचा कण अडकला, म्हणजे केसाहूनही बारीक. तेवढ्याने नळीचं तोंड जितकं उचललं जाईल, त्याचा शंभर मीटरवर फरक पडतो पाच सेंटिमीटर. दुर्बीण दस्त्यावर किंवा रिसीव्हरवर असती, तर हे पाच सेंटिमीटर कागदावर दिसले असते. दुर्बीण नळीवर असेल, तर हिशोबात ते वजा होतात. एवढी साधी गोष्ट! दुर्बीण कुठे बसवायची, एवढाच निर्णय, आणि त्याने निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरा आनंद बोल्टमध्ये होता, आणि तो लेथवाल्यालाच कळेल असा. आम्ही बार पकडायला कोलेट वापरतो: चिरा पाडलेली नळकांडी, दाबली की आवळते. या बोल्टच्या तोंडाशी कोलेटच आहे, फक्त उलटं. बोल्टचा दांडा न फिरवता सरळ पुढे ढकलला, की ते कोलेट फुगतं आणि नळीच्या आतल्या गोल खाचेत चहूबाजूंनी रुततं. म्हणजे बोल्ट सांगाड्यात नाही, नळीतच कुलूपबंद होतो. काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांच्यातली फट, जिला बंदूकवाले हेडस्पेस म्हणतात, ती नळी आणि बोल्ट या दोघांतच ठरते. दस्ता, नट, घट्टपणा, कशाचाही तिच्याशी संबंध नाही.

हेडस्पेस किती नाजूक मामला आहे हे सांगितलं पाहिजे. आट्यांची नळी बदलायची म्हटलं, तर नळी शेगड्यात आवळायची, रिसीव्हरला खास पाना लावायचा, जोर लावून सोडवायची. नवी कसल्यावर 'गो' आणि 'नो-गो' अशी दोन गेज घालून फट तपासायची. एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. अमेरिकेत १९५८ साली आलेल्या सॅव्हेज ११० रायफलीत नळीवर एक मोठा नट देऊन हे काम सोपं केलं. नळी आत-बाहेर फिरवून फट जमवायची आणि नट आवळायचा. तीही हुशारीच. पण गेज लागतंच, आणि नंतर नेम नव्याने लावावा लागतोच. इथे टेबलावर, कोटाची बाही न दुमडता, पाच मिनिटांत काम झालं होतं. बारक्या काडतुसासाठी बोल्टचं डोकं आणि मॅगझिनमधला साचा तेवढा बदलावा लागला. तो विसरून चालत नाही; शेजाऱ्यांनी प्रत्येक नळीच्या कप्प्यात तिचंच डोकं आणि तिचाच साचा ठेवलेला होता.

आता राहिलेला अर्धा प्रश्न. दुर्बीण नळीवर आहे म्हणून सगळं माफ, असं नाही. गोळी सुटताना नळी थरथरते, आणि कशी थरथरते हे तिला कुठे किती दाबून धरलंय यावर ठरतं. बैठकीत कण अडकला किंवा एक नट जास्त आवळला गेला, तर नळीवर ताण येतो, थरथर बदलते, भोकं सरकतात. म्हणून शेजाऱ्यांचं सगळं लक्ष दोनच गोष्टींवर होतं. पहिली, पुसणं. दस्त्यातली धातूची बैठक त्यांनी कोरड्या सुती फडक्याने पुसली. मग नळीचा खालचा सपाट भाग पुसला. मग बोटाचं टोक बैठकीवरून फिरवलं, डोळे मिटून. आणि परत पुसली. माझ्या वडिलांनी फेसप्लेटवरून असंच बोट फिरवलेलं मी हजारदा पाहिलंय. बिडाचा एखादा कण राहिला की जॉब नाचतो. हजारो किलोमीटरवर तीच सवय दिसली आणि माझा गळा दाटून आला, खोटं कशाला सांगू.

दुसरी गोष्ट, आवळणं. पुढचा नट जरा, मागचा जरा, पुन्हा पुढचा. शेवटी टॉर्क दाखवणाऱ्या पान्याचा 'टक' असा आवाज येईपर्यंत. मी विचारलं, "किती टॉर्क देता?" ते म्हणाले, "आकडा तुम्ही ठरवा. पण एकदा ठरवला की दर वेळी तोच."

मग खरी परीक्षा. थर्टी-ऑट-सिक्सने तीन गोळ्या. कागदावर तीन भोकं, मधलं सर्वांत मोठं अंतर तीन सेंटिमीटर. नळी उतरवली, दुसरी चढवली, दुसऱ्या कागदावर तीन. पुन्हा पहिली. आणि पहिली गोळी गेली चार सेंटिमीटर वर! माझा चेहरा पडला. मनात म्हटलं, झालं, डायलशिवाय काही खरं नाही. शेजारी मात्र हसले आणि एक जर्मन शब्द म्हणाले: "ओलशुस." तेलाची गोळी. नळी उतरवल्यावर त्यांनी सवयीने तिच्यातून तेलाचं फडकं फिरवलं होतं, आणि चढवताना कोरडं फडकं फिरवायचं राहिलं. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी बाकीच्यांपासून फटकून जाते, हे इथल्या शिकाऱ्यांना इतकं ठाऊक आहे की त्याला स्वतंत्र नाव आहे. नळी थंड होईपर्यंत दहा मिनिटं थांबलो, कारण तापलेली नळीही भोकं सरकवते. नंतरच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींच्या कुशीत गेल्या. मी पट्टी लावून दोन्ही गटांचे मध्य काढले: फरक दीड सेंटिमीटर. दुर्बिणीच्या गुंडीची एक टिकटिक म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटिमीटर. नळी काढून, पेटीत ठेवून, परत बसवून सगळी चूक मिळून दीड टिकटिक!

देखरेखीखाली पाहुण्यालाही रेंजवर गोळी झाडता येते, म्हणून शेवटच्या दोन मी झाडल्या. त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

परतताना गाडीत मला सारखं हॉखब्रुक आठवत होतं, म्युनिकच्या उत्तरेची ती रेंज, १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली. तिथेच २०१० साली आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेत्या झाल्या. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य घेऊन आला, तेव्हा आम्ही इथे घरात पेढे वाटले होते. त्यांच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. कालपर्यंत मी त्या खेळात फक्त श्वास, स्थिर हात आणि मन बघत होतो. आता कळतंय की त्या खेळाडूंच्या रायफलीतही एकेका स्क्रूचा घट्टपणा, नळी आणि काडतूस यांची जोडी, नळी पुसण्याची वेळ, हे सगळं तेवढंच सांभाळलेलं असतं. तेव्हाचे पेढे कमीच पडले असं वाटतंय.

रात्री वडिलांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बैठक पुसली होती का?" म्हटलं, दोनदा.

तुमच्यापैकी कुणाकडे परवान्याची, नळी बदलता येणारी रायफल असेल, तर एवढं नक्की करून बघा. प्रत्येक नळीला तिची दुर्बीण कायमची ठेवा, बैठक पुसा, दर वेळी त्याच टॉर्कने आवळा, नळीतलं तेल कोरडं करून काढा. रेंजवर तीन गोळ्या झाडा, नळी काढा, बसवा, थंड होऊ द्या आणि त्याच कागदावर आणखी तीन. दोन्ही गटांचे मध्य पट्टीने मोजा आणि जो आकडा येईल तो मला कळवा.