गूल आणि गोल

उर्दू शाळेतल्या शिक्षिकेला काय आवडावे, याविषयी आपल्या समाजात काही ठरीव समजुती आहेत. तिला गझल आवडावी, बैतबाजी आवडावी, फार तर जुनी दूरदर्शन मालिका आवडावी. मला झॉम्बीचे चित्रपट आवडतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. करताना मानसशास्त्राच्या पेपरात भीती ही मूळ भावना आहे असे लिहून गुणही मिळवले होते. पण भीतीचे खरे शिक्षण मला या चित्रपटांनीच दिले, असे म्हटले तर सहकारी हसतात. अम्मीचे मत तर पक्के आहे. "मुर्दे कयामत के दिन उठेंगे बेटा, मोबाइल पे नहीं."

माझ्या पिढीची भीती केबलवर वाढली. १९९३ पासून रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' लागायचा, १९९५ मध्ये 'आहट' आली. त्याआधी मोठ्या भावंडांनी व्हिडिओ सेंटरमध्ये 'पुराना मंदिर' आणि 'वीराना' पाहिलेले. रामसेंचा १९७२ चा चित्रपट होता 'दो गज जमीन के नीचे'. हे नाव ऐकले की उर्दूवाल्यांना बहादूरशहा जफरच्या नावावर असलेली ती गझल आठवते. रंगूनच्या कैदेत १८६२ मध्ये वारलेल्या बादशहाचे दुःख आणि कबरीतून सूड घ्यायला परतलेला नवरा यांना रामसेंनी एकाच पाटीखाली आणून बसवले! हे धाडस फक्त हिंदी सिनेमालाच जमते.

पण रामसेंचे मुडदे झॉम्बी नव्हेत. आपले भूत कधीही बेवारस नसते. त्याला नाव असते, गाव असते, राहायला पिंपळ किंवा विहीर असते, आणि फेडायचा हिशेब असतो. इतकेच काय, त्याला जातही असते. मुंजा हे मुंज झालेल्या पण लग्नाआधी मेलेल्या मुलाचे भूत. आणि जुन्या लोकसमजुतीप्रमाणे खवीस म्हणजे मुसलमानाचे भूत. शब्दही अरबीतल्या 'खबीस'वरून आला. म्हणजे मराठी भुतांच्या पंचायतीत आमचाही एक सदस्य आहे! माणूस मेला तरी जात-धर्म सुटत नाही, हे आपल्या भुतांनी फार आधी सांगून ठेवले आहे.

झॉम्बीला मात्र यातले काही नाही. नाव नाही, धर्म नाही, सूड नाही. तो एकटा कधी येत नाही, थव्याने येतो. ज्याला चावतो तो त्यांच्यात सामील होतो. काल ज्याच्याकडून आपण उसनी साखर आणली, तोच आज दार फोडतो आणि आपल्याला ओळखत नाही. मला भीती वाटते ती या न ओळखण्याची.

हा प्राणी आला कुठून, हे शोधायला गेले तेव्हा मी हैतीला पोहोचले. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि त्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. १८०४ मध्ये त्याच गुलामांनी लढून देश स्वतंत्र केला. झॉम्बीची लोकसमजूत त्या मातीतली. मेल्यावर तरी सुटका होईल ही गुलामाची शेवटची आशा. ती आशाही हिरावली जाते, प्रेताला उठवून पुन्हा मळ्यात जुंपले जाते, ही ती भीती. म्हणजे मूळचा झॉम्बी कोणाला खात नव्हता. तो फक्त राबत होता. १९३२ चा 'व्हाइट झॉम्बी' हा या जातीचा पहिला मोठा चित्रपट. त्यात साखरेचा कारखाना आहे. डोळ्यांत ओळख नसलेले मजूर चरक फिरवताहेत. एक जण तोल जाऊन आत पडतो, आणि चरक थांबत नाही. कोणी मान वळवूनही पाहत नाही. चित्रपट आज जुनाट वाटेल, बेला लुगोसीचे डोळे वटारणेही हसू आणेल. पण तेवढ्या एका दृश्यासाठी तो पाहावा. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ते दृश्य परके वाटणार नाही.

हैतीच्या समजुतीत एक तोडगाही आहे. झॉम्बीच्या जिभेला मीठ लागले की तो भानावर येतो. आपण कोण, हे त्याला आठवते आणि तो मालकाचे काम टाकून आपल्या कबरीकडे चालू लागतो. म्हणून मालक त्याला अळणी जेवण देतो. हे वाचून मी थबकले. आमच्या उर्दूत मीठ नेमके उलटे काम करते. ज्याचे नमक खाल्ले त्याच्याशी इमान राखायचे, नाही राखले तर नमकहराम. मराठीतही खाल्ल्या मिठाला जागायचे असते. आपल्याकडे मीठ बांधते, हैतीत मीठ सोडवते. पण गांधीजींनी १९३० मध्ये दांडीला मूठभर मीठ उचलले तेव्हा याच पदार्थाने एक झोपलेला देश जागा केला. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. मीठ नसेल तिथे गवतही मिठाचे काम करते, एवढे खरे.

माणसे खाणारा आजचा झॉम्बी अमेरिकेतल्या जॉर्ज रोमेरोने घडवला. त्याचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा माझ्या यादीत सर्वांत वर आहे. कृष्णधवल, कमी खर्चाचा, एका घरात घडणारा. वितरकाने नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची ओळ गाळली आणि चित्रपट कायमचा सर्वांसाठी मोकळा झाला. म्हणून तो आज कुठेही फुकट पाहायला मिळतो. त्यात नायक बेन हा काळा तरुण आहे, आणि ड्वेन जोन्सने तो फार संयमाने उभा केला आहे. रात्रभर तोच डोके शाबूत ठेवून सगळ्यांना वाचवायची धडपड करतो. सकाळी सुटकेसाठी बंदूकधारी गोरी टोळी येते. खिडकीत हालचाल दिसते. कोण आहे, असे कोणीही विचारत नाही. गोळी सुटते. बेन मरतो तो मुडद्यांच्या हातून नव्हे, वाचवायला आलेल्यांच्या हातून.

या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही. त्या मुडद्यांना 'गूल' म्हटले आहे. इंग्रजीने हा शब्द अरबीतून उचलला. आमच्या उर्दूत तो जुनाच आहे, गूल-ए-बयाबानी म्हणजे वाळवंटात वाटसरूला भुलवून खाणारा राक्षस. लिहायचा कसा? गैन, वाव, लाम. आता गंमत पाहा. उर्दूत याच तीन अक्षरांनी आणखी एक शब्द लिहितात, गोल. गोल म्हणजे थवा, टोळी, माणसांचा घोळका. दोन्ही शब्द वेगवेगळ्या घराण्यांतले, पण कागदावर एकसारखे. जेर-जबर आपण रोजच्या लिहिण्यात देत नाही. त्यामुळे 'सामने से गोल आया' की 'सामने से गूल आया', हे आजूबाजूचे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. अर्धशतकाच्या झॉम्बीपटांनी जे सांगितले, ते आमच्या लिपीने तीन अक्षरांत सांगून टाकले आहे. जमाव आणि राक्षस यांचे हिज्जे एकच.

२००२ च्या '२८ डेज लेटर'मध्ये तर मुडदेही नाहीत. ती जिवंत माणसेच आहेत, त्यांना संतापाचा विषाणू चावला आहे. काही क्षणांत माणूस उलटतो आणि धावत सुटतो. हा चित्रपट मी पाहिला तेव्हा हातात स्मार्टफोन आला होता, आणि संतापाचा विषाणू म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत. १६ एप्रिल २०२०. पालघर जिल्ह्यातले गडचिंचले. तशाच अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला. कोणत्या धर्माचे, कोणत्या जातीचे, हा हिशेब नंतर टीव्हीवाल्यांनी मांडला. मारताना जमावाने तोही विचारला नव्हता.

त्याच २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातही तो व्हिडिओ येऊन पोहोचला होता. एके दुपारी चादरी विकणारी एक परगावची बाई आणि तिच्यासोबतचा म्हातारा चौकात अडवले गेले. तिच्या बोचक्यात मूल आहे, असे कोणीतरी म्हणाले. बघता बघता तीस-चाळीस माणसे झाली. त्यांतली अर्धी मी शिकवलेली, बाकीच्यांची मुले माझ्या वर्गात. मी दाराशी उभी होते आणि त्यांचे चेहरे पाहत होते. रोज सलाम करणारी माणसे. एकानेही माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असेल तर ओळखले नाही.

अब्बा नमाज आटोपून येत होते. निवृत्त कारकून, आवाज बारीक, अंगात काही जोर नाही. त्यांनी कोणाला ढकलले नाही, उपदेशही केला नाही. घोळक्यात शिरून फक्त विचारले, "पहले अपने अपने बच्चे गिन लो. किसका कम है?"

कोणीच बोलले नाही. अब्बांनी एकेकाचे नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. "रफीक, तेरे तीन हैं ना? घर पे हैं? जा, देख के आ." रफीक गेला. दुसरा गेला. ज्याचे नाव घेतले जाई, तो जणू झोपेतून उठल्यासारखा डोळे चोळत घोळक्यातून बाहेर पडे. दहा मिनिटांत चौकात आम्हीच उरलो. बोचक्यात चादरी होत्या. त्या बाईला अम्मीने पाणी दिले, तर ग्लास तिच्या हातात धरवेना. तिने एक चादर आम्हाला देऊ केली. अब्बांनी पैसे देऊन घेतली. पुन्हा ती आमच्या गावात कधी आली नाही, आणि येऊही नये असेच वाटते.

हैतीचे मीठ ते हेच असावे. माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची आणि एक साधा प्रश्न विचारायचा.

कोरियाचा २०१६ चा 'ट्रेन टू बुसान' मला म्हणूनच बेनच्या मरणाचे उत्तर वाटतो. सोल ते बुसान धावणारी गाडी, तिच्यात पसरलेली साथ, आणि पैशामागे धावणारा बाप आपल्या लहान मुलीला घेऊन निघालेला. सर्वांत भयंकर प्रसंग झॉम्बींचा नाही. सुरक्षित डब्यातले प्रवासी जीव वाचवून आलेल्यांनाच दार उघडत नाहीत, त्यांना लागण झाली असेल म्हणून हाकलतात, तो आहे. २०२० मध्ये आपण सर्वांनी तो डबा आतून किंवा बाहेरून पाहिला. आमच्या गल्लीत भाजीची गाडी आली की आधी भाव नव्हे, नाव विचारले जाई, हेही पाहिले. चित्रपटाच्या शेवटी ती मुलगी आणि एक गरोदर बाई अंधाऱ्या बोगद्यातून चालत येतात. समोर सैनिक बंदूक रोखून. माणूस की मुडदा, दिसत नाही. गोळी झाडायचा हुकूम होतो, तेवढ्यात त्या पोरीचे गाणे ऐकू येते. बंदूक खाली येते. १९६८ मध्ये कोणी विचारले नाही, २०१६ मध्ये कोणीतरी ऐकले. एवढाच फरक, आणि तेवढ्यावरच दोघींचा जीव.

आपल्याकडे काय? २०१३ चा 'गो गोवा गॉन' हसवतो. गोव्याच्या बेटावरची पार्टी, नशेची गोळी आणि रशियन असल्याची बतावणी करणारा सैफ अली खान. एकदा पाहावा, मुलांना मात्र दाखवू नये. मराठीत २६ जानेवारी २०२२ ला आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला. नावातच डोंबिवली आहे. अमेय वाघ, वैदेही परशुरामी, ललित प्रभाकर. एका बाजूला टोलेजंग सोसायटी, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी, आणि मधे भांडण पाण्याचे. चित्रपट कुठे कुठे घसरतो, विनोदही ताणतो. पण मला तो आवडला, कारण आपला झॉम्बी पाण्याच्या टँकरजवळ सापडावा हे अगदी खरे आहे. उन्हाळ्यात आमच्या भागात जिने हंड्यांची रांग पाहिली आहे, तिला शेजारी किती पटकन अनोळखी होतात ते ठाऊक आहे.

तर वाचकहो, कोणी विचारले की कोणते पाहू, तर माझे तीन ठरलेले आहेत. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', 'ट्रेन टू बुसान' आणि घरच्यांसोबत 'झोंबिवली'. मुले दहावीपुढची असू द्या, आणि पाहून झाल्यावर त्यांच्याशी बोला.

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर गैन, वाव, लाम लिहिते आणि वाचायला सांगते. अर्धा वर्ग गूल वाचतो, अर्धा गोल. मग भांडण लागते. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मिस, अकेला लफ्ज देंगे तो हम क्या बताएँगे? पूरा जुमला दो ना." मी तिला पूर्ण वाक्य दिले. आणि तिच्या वहीवर, उगाचच, लाल शाईने शाबास लिहिले.