निकाल शंभर टक्के

खेळांच्या बाबतीत मी पहिल्यापासून अडाणी. मराठीच्या प्राध्यापकाचा मैदानाशी संबंध यायचा तो पाचवीला पुजलेल्या वर्गाबाहेरच्या आरडाओरड्यापुरता. पण माझा भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोच्या बोल्डर गावातल्या विद्यापीठात शिकायला गेला आणि चाळिशी उलटल्यावर फुटबॉल माझ्या घरात शिरला.

त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, आणि पायापेक्षा हातातच अधिक. बोल्डरच्या मैदानावर सामन्याआधी एक जिवंत बायसन धावत नेतात. हे ऐकून आमची सौ. म्हणाली, "म्हणजे आपला पोळाच की!" त्या क्षणी ते विद्यापीठ मला एकदम घरचं वाटलं.

सप्टेंबर २०२३ मधल्या एका रात्री, एकच्या सुमारास, फोन खणखणला. छातीत धस्स झालं. पलीकडून भाचा ओरडत होता, "मामा, आमचं कॉलेज सुधारलं!"

आदल्या मोसमात त्यांच्या संघानं बारा सामन्यांत एकच जिंकला होता. मग डिऑन सँडर्स हे एके काळचे नामांकित खेळाडू प्रशिक्षक म्हणून आले. आणि नव्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा, म्हणजे गेल्या मोसमातल्या राष्ट्रीय उपविजेत्यांचा, ४५-४२ असा पराभव झाला होता.

माझ्यातला मास्तर जागा झाला. "अरे, वर्षभरात त्यांनी त्याच पोरांना असं शिकवलं तरी काय?"

"तीच पोरं कुठली, मामा? त्यांतली बहुतेक गेली!"

मग खुलासा झाला. तिकडे आता खेळाडूला एक विद्यापीठ सोडून दुसऱ्याकडून खेळणं सोपं झालं आहे. सँडर्सनी आल्या आल्या जुन्या मुलांना स्पष्ट बजावलं की, मी माझं सामान बरोबर आणतो आहे, तुम्ही दुसरीकडे जागा शोधलेली बरी. पन्नासाहून अधिक खेळाडू बाहेरून आले. त्यांत त्यांचे स्वतःचे दोन मुलगेही होते आणि ट्रॅव्हिस हंटर नावाचा अचाट खेळाडूही.

पुढची गंमत अशी की, पहिले तीन सामने जिंकून उरलेल्या नवांत त्यांनी एकच जिंकला. २०२४ मध्ये मात्र नऊ जिंकले, चार हरले. हंटरला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. भाच्याच्या आवाजाला मूठभर मांस चढलं. मग हंटर आणि सँडर्सांचे मुलगे व्यावसायिक खेळाकडे गेले, आणि २०२५ मध्ये जमाखर्च आला तीन विजय, नऊ पराभव.

"मामा, खरं सांग, आमचा संघ सुधारला होता की नव्हता?" भाच्यानं या खेपेला हळू आवाजात विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. कारण मला एकदम माझा पेढ्यांचा पुडा आठवला.

काही वर्षांपूर्वी मराठी विभाग माझ्याकडे आला तेव्हा शेवटच्या वर्षाचा निकाल लाजिरवाणा होता. मी पाच कच्च्या मुलांना एकेक करून बोलावलं आणि गोड शब्दांत समजावलं, "बाबा, हा विषय तुला झेपायचा नाही. दुसरा घे." पाचही निमूट गेली. त्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. प्राचार्यांनी पाठ थोपटली, मी विभागात पेढे वाटले. कोणी विचारलं नाही की, सुधारलं कोण?

पुढं एकदा कापडाच्या दुकानात सौ.साठी लुगडं पाहत होतो. गाठोडी सोडणाऱ्या तरुणानं वाकून नमस्कार केला. त्या पाचांतला एक. "सर, त्या वर्षी आपला निकाल शंभर टक्के लागला ना? पेपरात वाचलं. फार बरं वाटलं."

'आपला' म्हणाला तो! त्याच्या आवाजात टोमणा असता तर मी सुखानं घरी गेलो असतो.

सँडर्सना नावं ठेवण्याचा मला काय अधिकार? बारांत एक जिंकणाऱ्या संघाचं काहीतरी करायलाच हवं होतं, आणि नऊ विजय काही खोटे नव्हते. पण माणसं बदलून आलेलं यश माणसांबरोबरच निघून जातं. काल ज्याला जमत नव्हतं त्यालाच आज जमू लागलं, तर ती सुधारणा. तिला वेळ लागतो, आणि तिचे पेढे वाटता येत नाहीत.

भाच्याला मी एवढंच लिहिलं, "आता जी पोरं मागं राहिली आहेत, ती पुढल्या दोन वर्षांत कशी खेळतात ते मला कळव."

यंदा माझ्या वर्गात एक मुलगा आहे. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं जन्माचं वैर. परवा त्यानं भीत भीत विचारलं, "सर, विषय बदलू का?"

"उद्यापासून चारला वही घेऊन ये," मी म्हटलं.

निकाल यंदा शंभर टक्के लागेलसं दिसत नाही.