किट कोणी नेलं

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात आमचं औषधांचं दुकान आहे. नवरा आणि मी, दोघंही फार्मासिस्ट. साथीच्या दिवसांत कोण किती घाबरलंय आणि कोणाला घाबरायलाही सवड नाही, हे काउंटरच्या आतून फार स्पष्ट दिसतं. करोनाची घरी करायची टेस्ट आली तेव्हा ती कोण नेतं आणि कोण नेत नाही हे मी रोज पाहत होते. त्यातून मला जे कळलं ते पुढच्या साथीआधी सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

१९ मे २०२१ ला आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ला मान्यता दिली. घरी वापरायचं हे देशातलं पहिलं किट. किंमत २५० रुपये. नाकात फिरवायची कांडी, द्रव भरलेली छोटी नळी, टेस्टचं कार्ड आणि वापरून झालं की सगळं टाकायची पिशवी. दोन्ही नाकपुड्यांत कांडी पाच-पाच वेळा फिरवायची, नळीत घोळायची, दोन थेंब कार्डावर सोडायचे. पंधरा मिनिटांत ‘सी’पाशी एकच रेघ आली तर निगेटिव्ह, ‘टी’पाशीही आली तर पॉझिटिव्ह. वीस मिनिटांनंतर दिसलेलं काही धरायचं नाही.

आमच्या जिल्ह्यासाठी ती वेळ वाईट होती. दुसरी लाट ओसरायला तयार नव्हती. किटला मान्यता मिळाल्यावर आठवड्याच्या आतच, २५ मे रोजी, राज्य सरकारने रुग्णसंख्या जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांतलं गृहविलगीकरण बंद करायचं ठरवलं. त्यात रत्नागिरी होती. म्हणजे टेस्ट घरी करायची मुभा आली आणि पॉझिटिव्ह आल्यावर घरी राहायची मुभा गेली. दाट वस्तीत, एका खोलीच्या घरात विलगीकरण जमत नाही हे खरंच होतं, त्यामुळे त्या निर्णयाला मी नावं ठेवत नाही. पण कोविड सेंटरच्या भीतीने माणसं किटपासून दूर राहिली, हेही तितकंच खरं. पुढच्याच महिन्यात राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण सापडल्याचं जाहीर झालं, त्यातले ९ आपल्या जिल्ह्यातले. मग तर ताप आलाय हे सांगायलाही लोक कचरायला लागले.

सुरुवातीची किटं नेली ती चाकरमान्यांनी. मुंबईहून यायचे, गाडी बाहेर उभी करून दुकानात शिरायचे. “घरी आईवडील आहेत दोघंच, आत जाण्याआधी करून घेतो.” त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. आदल्या आठवड्यात हे रोजचंच झालं. ओसरीवर टेस्ट करून मगच घरात पाऊल टाकलं, असं कितीतरी जणांनी नंतर आवर्जून येऊन सांगितलं. त्यांच्यानंतर आले बँकेतले, शाळा-कॉलेजांतले, ज्यांच्या घरी डायलिसिसवरचं कोणी आहे असे. लग्नघरचे यायचे, तेही पाच-सहा किटं एकदम मागायला. ही सगळी माणसं काळजीपोटीच येत होती. फक्त त्यांच्याकडे पैसे होते, स्मार्टफोन होता, घरात एक रिकामी खोली होती आणि चार दिवस कामावर गेलं नाही तरी पगार चालू होता. हे सगळं ज्यांच्याकडे होतं, त्यांनाच खरं काय ते कळून घेणं परवडत होतं.

परवडणं म्हणजे काय, ते मला मिरकरवाड्याच्या एका मासेवालीने शिकवलं. वर्षानुवर्षं आमच्याकडून बीपीची गोळी नेणारी बाई. अंगात कणकण, घसा बसलेला. मी म्हटलं, “मावशी, किट घेऊन बघा, पंधरा मिनिटांत कळेल.” तिने खोका हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि काउंटरवर ठेवला.

“दोन रेघा आल्या तर पुढं काय, वैनी? पाटी कोण उचलणार?”

किंमत तिने विचारलीच नाही. मी पैसे नंतर द्या म्हटलं तरी नको म्हणाली. तापाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन गेली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती आणि किट २५० ला होतं. पण तिचा हिशेब एका दिवसाच्या कमाईचा नव्हताच. पॉझिटिव्ह आल्यावर पाटीत काहीच पडणार नाही अशा पुढच्या सगळ्या दिवसांचा तो हिशेब होता. सरकारी दवाखान्यातली टेस्ट तर फुकट होती, तिथेही ती याच कारणाने गेली नव्हती. लोक अडाणी आहेत म्हणून टेस्ट करत नाहीत, असं त्या काळात फार ऐकू यायचं. मला त्याचा राग यायचा आणि अजूनही येतो. ती बाई अडाणी नव्हती. उत्तर आल्यावर आपलं काय होणार आहे, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि किटचं चित्रच पालटलं. २०२१ च्या संबंध वर्षात देशभरात जेमतेम तीन हजार घरगुती टेस्टची नोंद झाली होती; जानेवारीच्या पहिल्या वीस दिवसांत ती सुमारे दोन लाखांवर गेली, असं केंद्राकडून सांगण्यात आलं. हे आकडे फक्त नोंद करणाऱ्यांचे. अ‍ॅप उतरवायचं, माहिती भरायची, कार्डाचा फोटो टाकायचा, हे सगळे करत नव्हते. “अ‍ॅपवर टाकलंच पाहिजे का हो?” हा प्रश्न मी रोज ऐकत होते. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा शेजारी असत, पालिका नसे.

त्याच दिवसांत आंब्याच्या बागांमध्ये मोहोर धरलेला, फवारणीची घाई. पावसकडचे एक बागायतदार नेपाळी गड्यांसाठी किटांचा गठ्ठा न्यायला आले. मला आधी धास्ती वाटली. मालकाने टेस्ट करायची, पॉझिटिव्ह आला त्याला वाटेला लावायचं, असं होणार बहुतेक. तेव्हा मी विचारलं, “पॉझिटिव्ह आला त्याचं काय करणार?” ते म्हणाले, “वरच्या अंगाला एक खोपी रिकामी केलीय. सात दिवस तिथं राहील. जेवण आणि मजुरी चालू.”

पुढच्या आठवड्यात त्या बागेतला एक गडी आपणहून दुकानात आला. त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत आणि माझ्या तशाच हिंदीत आम्ही बोललो. त्याला स्वतःसाठी किट हवं होतं. खोकला सुरू झाला होता आणि खोलीत त्याच्याबरोबर बाकीचे झोपत होते. मासेवालीपेक्षा हा माणूस श्रीमंत नव्हता, शिकलेला नव्हता, घरापासून शेकडो कोस दूर होता. फरक एवढाच की दोन रेघा आल्या तरी त्याचं पोट चालणार होतं. साथीत माणसं टेस्ट का करतात, याचं याहून चांगलं उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही.

आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तिथे एप्रिल २०२१ पासून वर्षभर, लक्षणं असोत-नसोत, कोणालाही आठवड्याला दोन टेस्ट सरकारकडून फुकट मिळत होत्या. अमेरिकेनेही जानेवारी २०२२ मध्ये घरटी चार किटं पोस्टाने द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे दर आठवड्याला सगळ्यांना वाटणं झेपलं नसतं आणि आयसीएमआरनेही लक्षणं असलेल्यांनी किंवा रुग्णाच्या निकट संपर्कातल्यांनीच किट वापरावं असं पहिल्यापासून सांगितलं होतं. ते योग्यच होतं. पण ज्यांना वापरायला सांगितलं, त्यांच्यापर्यंत ते पोचवायची सोय दुकानाचा काउंटर सोडून दुसरी नव्हती.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. तिच्याविषयी कोणी फारसं बोललं नाही. एका किटमध्ये एकाचीच टेस्ट होते. पाच माणसांच्या घराला बाराशे पन्नास रुपये लागायचे. मग घरात वाटणी व्हायची. आजींसाठी एक, कारण त्यांचं वय. मालकांसाठी एक, कारण ऑफिसने मागितलंय. मुलासाठी एक, कारण परीक्षा. “आणि तुमच्यासाठी?” असं मी विचारलं की समोरची बाई हसायची. “मला काय होतंय?” सगळ्यांचं ताट वाढणारी, आजारी माणसाच्या कपाळावर घडी ठेवणारी तीच, आणि तिचीच टेस्ट राहायची.

एक वहिनी आल्या, त्यांनी मात्र स्वतःची केली होती. संक्रांतीचे दिवस होते. दोन दिवस ताप होता, कार्डावर एकच रेघ. “निगेटिव्ह आहे, हळदीकुंकवाला जाऊ ना?” मी जाऊ नका म्हटलं. ताप-खोकला असताना किट निगेटिव्ह आलं तर त्यावर विसंबायचं नाही, आरटीपीसीआर करून घ्यायची, हा नियम खोक्यातल्या कागदावर छापलेला असतो, पण तो शेवटपर्यंत वाचतो कोण? अँटिजेन टेस्टला विषाणू पुरेसा वाढलेला लागतो, सुरुवातीला ती चुकवू शकते. पॉझिटिव्ह मात्र खरं धरायचं, पुन्हा तपासत बसायचं नाही. वहिनींनी सिव्हिलला जाऊन स्वॅब दिला आणि तो पॉझिटिव्ह आला. ज्या हळदीकुंकवाला त्या जाणार होत्या, तिथे वयस्क बायकाच जास्त यायच्या होत्या.

किट घरोघर पोचवू शकतील अशी माणसं मात्र आपल्याकडे होती. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. कोणत्या घरात कोण खोकतंय हे त्यांना आमच्या आधी कळायचं. किट आल्यावर ते त्यांच्या पिशवीत असायला हवं होतं, फुकट. आणि पॉझिटिव्ह आलेल्या मजुराच्या, मासेवालीच्या घरी सात दिवसांचा शिधा आणि मजुरी पोचायला हवी होती. एका बागायतदाराला स्वतःच्या बागेपुरतं जे सुचलं आणि जमलं, ते ग्रामपंचायतीला आणि सरकारला जमवता येईल. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल कोण जाणे, तिची घरगुती टेस्टही लवकर निघेल. ती बाजारात यायच्या आधी हा मजुरीचा बंदोबस्त झालेला असावा, एवढी माझी मागणी आहे.

तोवर, ज्यांना किट विकत घेणं परवडतं त्यांना एक विनंती. घरात साथीचा ताप शिरला आणि तुम्ही दुकानात आलात तर मोजताना स्वयंपाकघरातल्या बाईला धरून मोजा. तुमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या ताईंना खोकला असेल तर त्यांच्यासाठीही एक न्या आणि ते हातात देतानाच सांगा, की काहीही आलं तरी पगार कापणार नाही.